मदत हवी आहे: कंपनी माझी ओरिजिनल सर्टिफिकेटं परत देत नाही, १ तारखेला पुण्यात जॉइनिंग

टॉवेलवाला
लवकर सांगा कुणीतरी. चौदा महिने झाले, अजून 'ट्रेनी'च. हातात ९,५००. राजीनामा दिला तर एचआर म्हणतो, दोन वर्षं पूर्ण कर नाहीतर ४०,००० ठेव, मग कागद घेऊन जा. पुण्यात ओरिजिनल दाखवायचेत. काय करू?

कडकभाकरी
काम काय, सही कशावर केली, काहीच लिहिलं नाहीस की बे. आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

टॉवेलवाला
सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. नाव लिहिणार नाही. टेरी टॉवेल, सगळा माल एक्सपोर्ट. टेक्स्टाइल डिप्लोमा आहे माझा. सही केली होती जॉइन होताना, कॉपी दिली नाही.

होटगीरोडकर
स्पर्धा परीक्षेचं बघ भावा. माझा चुलतभाऊ तिसऱ्या प्रयत्नात तलाठी झाला.

कडकभाकरी
त्याला १ तारखेला जायचंय, तुम्ही तीन वर्षांचं सांगताय.

वकिलीणबाई
शिकाऊ उमेदवार की नुसताच ट्रेनी? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असेल तर तो स्टायपेंड, त्यातून पीएफ कापत नाहीत. नोंद नसेल तर तू साधा कामगार, किमान वेतन लागू, जादा तासांना दुप्पट दर. पीएफ कापतात का?

टॉवेलवाला
कापतात. आणि ट्रेनी कसला, शिफ्टला १२ रॅपियर माग बघतो, हाताखाली दोन हेल्पर आहेत. ड्युटी बारा तास.

गिरणीचाभोंगा
आमचे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. भोंगा झाला की अख्खी गल्ली जागी व्हायची. पगार थोडा, पण बारा तास राबवून घ्यायची टाप नव्हती कुणाची. युनियन दारात उभी असायची.

आठमाग
मालकाची बाजू कुणी बोलतच नाही. ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेनं ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा ऑर्डरी थांबल्या. पोरं आमच्याकडं शिकतात आणि पुण्याला पळतात. बॉन्ड नको तर काय करायचं?

गिरणीचाभोंगा
शुल्क लागायच्या आधी किती देत होतात मालक? तेव्हाचा नफा कुठं गेला? आम्हाला फक्त मंदीच वाटून देता.

आठमाग
माझ्यावर कशाला घसरताय काका? माझे आठच माग आहेत. मी पोरांना १४ हजार देतो.

वकिलीणबाई
भांडण नंतर. @टॉवेलवाला, पीएफ पासबुक उघड. कंपनीचं नाव काय दिसतंय?

टॉवेलवाला
आत्ता पाहिलं. आमच्या कंपनीचं नावच नाही. कुठलातरी कॉन्ट्रॅक्टर आहे. मी त्याला कधी पाहिलंही नाही!

वकिलीणबाई
म्हणजे पीएफ एकाच्या नावावर, आणि कागद अडवून बसलाय दुसराच. पीएफ कापून त्यांनीच तुला कामगार मानलंय. ४०,००० भरू नकोस. सर्टिफिकेट परत मागणारा अर्ज दोन प्रतींत लिही, एकीवर पोच घे. पोच नाही दिली तर स्पीड पोस्ट. त्याचीच प्रत सहाय्यक कामगार आयुक्तांकडे. स्लिपा, हजेरीचे फोटो जपून ठेव.

जुळेसोलापूर
एवढं कशाला? हरवलं म्हणून प्रतिज्ञापत्र करायचं, डुप्लिकेट काढायचं. काम खल्लास.

वकिलीणबाई
हरवलेलं नाही. खोटं प्रतिज्ञापत्र करून पोरगं स्वतःच अडकेल. असले सल्ले देऊ नका.

कडकभाकरी
पुण्याच्या एचआरला आजच फोन लाव. झेरॉक्स आणि डिजिलॉकरवर महिनाभर थांबतील का विचार. हे पहिलं करायचं.

टॉवेलवाला
केला. पंधरा दिवस थांबतो म्हणाले. अर्ज लिहायला बसलोय. माझ्याबरोबरच्या आणखी सहा जणांचेही ठेवून घेतलेत, त्यांची नावं पण ह्याच अर्जात घालू का?

वकिलीणबाई
सहा?

कडकभाकरी
हे आधी सांगायचं की बे!