जीपीएसने घेतलेले पांझराकाठचे बिंदू क्यूजीआयएसमध्ये सटाण्याजवळ का पडतात?

पाटकाठ (धुळे) यांचा प्रश्न

नमस्कार. साक्रीच्या पूर्वेला पांझरा नदीवरच्या एका जुन्या बंधाऱ्यापासून निघणारा पाट, त्याच्या चाऱ्या (पाटातून शेतांकडे जाणारे छोटे फाटे) आणि त्यावर भिजणारे फड (सामायिक पाण्यावरचे शेतांचे गट) यांचा नकाशा तयार करण्याचे काम मी करीत आहे. आमच्या भागातील फड पद्धत अजून जाणणारे पाटकरी (पाटाचे पाणी वाटून देणारे) आता वयस्क झाले आहेत, म्हणून ते सोबत असताना प्रत्येक चारीच्या तोंडाशी उभे राहून हातातल्या जीपीएस यंत्रावर बिंदू घ्यायचा आणि त्याचे अक्षांश-रेखांश, चारीचे नाव व पाटकऱ्यांनी सांगितलेली माहिती वहीत लिहायची, असा क्रम मी ठेवला होता. पाटाच्या कडेने चालताना यंत्रातील ट्रॅकही (चाललेल्या वाटेची नोंद) चालू ठेवला होता.

घरी आल्यावर वहीतील आकडे एक्सेलमध्ये टंकून सीएसव्ही फाइल केली आणि ती क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या संगणक-प्रोग्राममध्ये उघडली, तर सगळे बिंदू सटाण्याच्या आसपास पडले. यंत्रातून थेट उतरवलेली ट्रॅकची जीपीएक्स फाइल (जीपीएसच्या नोंदी साठवण्याचा फाइल-प्रकार) मात्र उपग्रहचित्रावर पाटावर बरोबर बसते. बंधाऱ्याचा बिंदू वहीत २०°५८.४१२′ उत्तर, ७४°२२.६३०′ पूर्व असा आहे आणि मी तो २०.५८४१२, ७४.२२६३० असा भरला आहे. आणखी एक गोष्ट अशी की, बंधाऱ्यापासून शेवटच्या चारीपर्यंत सरळ रेषेत सुमारे दोन किलोमीटर अंतर आहे, पण या बिंदूंमध्ये ते बाराशे मीटरच भरते. यंत्रात दोष असेल का, आणि पाटकऱ्यांना पुन्हा त्या उन्हात न्यावे लागेल का, ही काळजी वाटते.

तापीतीर (जळगाव)

पाटकऱ्यांना पुन्हा नेण्याची गरज नाही. आपले यंत्र ठीक आहे आणि घेतलेले बिंदूही ठीक आहेत. चूक फक्त टंकताना झाली आहे.

यंत्राच्या पडद्यावर दिसणारे २०°५८.४१२′ म्हणजे वीस अंश आणि अठ्ठावन्न पूर्णांक चारशे बारा सहस्रांश मिनिटे. एका अंशात साठ मिनिटे असतात, म्हणून मिनिटांना ६० ने भागून तो भाग अंशात मिळवावा लागतो. ५८.४१२ भागिले ६० म्हणजे ०.९७३५३, तेव्हा खरा अक्षांश २०.९७३५३ आणि त्याच रीतीने खरा रेखांश ७४.३७७१७ होतो. आपण मिनिटांचे आकडे जसेच्या तसे दशांश चिन्हापुढे लिहिल्यामुळे बंधारा सुमारे ४३ किलोमीटर दक्षिणेला आणि १५ ते १६ किलोमीटर पश्चिमेला सरकला, आणि तिथे सटाणाच आहे.

दोन किलोमीटरचे बाराशे मीटर झाले, ही आपण नोंदवलेली बाब फार मोलाची आहे, कारण निदानाची खात्री तीच करून देते. एक मिनिट म्हणजे खरे तर ०.०१६६७ अंश, चुकीच्या लेखनात तेच ०.०१ अंश होते. म्हणजे सगळा पसारा सहा दशांश पटीने आवळला जातो, आणि दोन किलोमीटरचे सहा दशांश म्हणजे बरोबर बाराशे मीटर. यंत्राची संदर्भप्रणाली (अक्षांश-रेखांश मोजताना पृथ्वीचा जो आकार आधाराला धरतात ती) चुकीची निवडली गेली असती, तर सगळे बिंदू एकाच दिशेला काही शे मीटर सरकले असते, पण त्यांच्यातील अंतरे जवळपास कायम राहिली असती. म्हणून बिंदू भलतीकडे पडले की ते किती सरकले एवढेच न पाहता, त्यांच्यातील अंतर टिकले आहे की नाही, हेही मोजून पाहावे, असे मी सर्वांनाच सुचवीन.

एक्सेलमध्ये अंश आणि मिनिटे दोन वेगळ्या रकान्यांत लिहून तिसऱ्यात सूत्र द्या. तरीही माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, आकडे हाताने टंकूच नयेत. ज्या यंत्रातून ट्रॅक उतरवला, त्याच यंत्रात बिंदूंचीही जीपीएक्स फाइल असते. यंत्र गार्मिनचे असेल तर केबल जोडल्यावर दिसणाऱ्या गार्मिन फोल्डरमधील जीपीएक्स फोल्डर पाहा. जीपीएक्समधील स्थाने नेहमी डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या संदर्भप्रणालीत आणि दशांश अंशात लिहिली जातात, पडद्यावर आपण काहीही निवडलेले असो.

सातपुडा_पायवाट (शहादा)

वरील उत्तराला एक जोड देतो. जुन्या यंत्रांपैकी काहींमध्ये ट्रॅक 'जतन' केला की यंत्र त्यातील बिंदू विरळ करते आणि प्रत्येक बिंदूची वेळ पुसून टाकते. तोरणमाळच्या पायथ्याशी केलेल्या एका पाहणीत माझा दिवसभराचा वळणावळणाचा ट्रॅक असाच तुटक रेषांचा झाला आणि कोणत्या झऱ्याशी किती वाजता पोहोचलो, हे कायमचे गेले. तेव्हापासून मी चालू नोंद जतन न करता तशीच संगणकावर उतरवतो, मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवतो आणि मगच यंत्र रिकामे करतो. आपल्या ट्रॅकमध्ये वेळा असतील, तर त्या जागतिक प्रमाणवेळेत असतील, हे ध्यानात असू द्या. फाइलमधील ०२:१० म्हणजे आपल्या घड्याळातील सकाळचे ७:४०.

पाटकाठ (धुळे)

आपणा दोघांचे मनापासून आभार. जीपीएक्स फाइल मिळाली आणि उघडल्याबरोबर बंधारा बंधाऱ्यावर आला. वहीतील माहिती बिंदू क्रमांकावरून जोडून घेतली. आता एक पुढची अडचण आहे. एका फडाच्या कडेने फिरून घेतलेल्या ट्रॅकचा बहुभुज केला, तर क्षेत्रफळ ०.००००१३ असे येते. गावकरी तो फड पंधरा हेक्टरच्या आसपास असल्याचे सांगतात.

तापीतीर (जळगाव)

गावकऱ्यांचा अंदाज चांगला आहे. ते उत्तर चौरस अंशात आले आहे. आपल्या अक्षांशावर पंधरा हेक्टर म्हणजे जवळपास तेवढेच चौरस अंश भरतात. मीटरमध्ये मोजण्यासाठी थर (क्यूजीआयएसमध्ये उघडलेली माहिती) यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीच्या विभाग ४३ उत्तरमध्ये न्या; प्रणालींच्या यादीत तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३ आहे. हा विभाग ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा असल्यामुळे धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्यात पूर्ण मावतात. त्याचा मध्य रेखांश ७५ अंश, अमळनेरच्या किंचित पश्चिमेने जातो. तिथे पूर्वांक (पूर्व-पश्चिम स्थान सांगणारा मीटरमधील आकडा) पाच लाख मीटर मानलेला आहे, म्हणून साक्री-धुळ्याकडचे पूर्वांक पाच लाखांहून कमी आणि जळगावचे अधिक येतात. आपल्या बंधाऱ्याचा पूर्वांक सुमारे ४ लाख ३५ हजार आणि उत्तरांक सुमारे २३ लाख १९ हजार आला, की रूपांतर बरोबर झाले असे समजा.

रूपांतर मात्र थर नव्या प्रणालीत निर्यात करूनच करावे. थराच्या गुणधर्मांत जाऊन नुसते प्रणालीचे नाव बदलले, तर आकडे अंशांचेच राहतात आणि प्रोग्राम त्यांना मीटर समजतो. मग आपला फड मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्ताजवळ भर समुद्रात दिसेल.

मोजपट्टी (शिरपूर)

क्षेत्रफळाविषयी एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. मोकळ्या आकाशाखाली अशा यंत्राची चूक तीन ते पाच मीटर धरावी. केळीच्या दाट बागेत किंवा उंच काठाच्या आडोशाला ती वाढते. पंधरा हेक्टरच्या फडाला त्याने फारसे बिघडत नाही, परंतु एक एकराच्या तुकड्याचा प्रत्येक कोपरा तीनेक मीटर सरकला, तर चाळीस गुंठ्यांत दोन-तीन गुंठ्यांचा फरक सहज पडतो. म्हणून फडाच्या आतील खातेदारांचे तुकडे या आकड्यांवरून वेगळे दाखवू नका. सातबाऱ्याशी ताडून पाहणारा कोणीतरी भेटतोच आणि भाऊबंदांत नसता वाद सुरू होतो. हद्दीचा प्रश्न भूमी अभिलेखाच्या मोजणीनेच सुटायला हवा.

उंचीचेही तसेच आहे. पाटाचे पाणी उताराने वाहते आणि तो उतार किलोमीटरला अगदी थोडा असतो, तर यंत्राची उंचीतील चूक त्याच्या कितीतरी पट. ट्रॅकमधील उंचीवरून पाटाचा छेद काढला, तर पाणी मध्येच चढावर चढताना दिसेल. बंधाऱ्याच्या माथ्यापासून प्रत्येक चारीच्या तोंडापर्यंत डम्पी लेव्हल (उंचीतील फरक मोजण्याचे दुर्बिणीचे उपकरण) लावा. दोन माणसांचे एक-दोन दिवसांचे काम आहे, आणि पाटकरी सोबत असतील तर लेव्हल कुठे लावायची, हे तेच दाखवतील.

पाटकाठ (धुळे)

थर निर्यात केला. फड १४.८ हेक्टर आला आणि बंधाऱ्याचे अंक आपण सांगितल्याप्रमाणेच आले. उंचीचा रकाना नकाशातून काढून टाकला आहे. लेव्हल मिळण्यासाठी इथल्या एका शिक्षकांना विचारले असून, पाटाला पाणी सुटण्याआधी ते काम करून घेईन.