मदत हवी आहे: घरात माणसं दोन, लॅपटॉपच्या यादीत सत्तेचाळीस!

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिलाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. कॉम्प्युटरचं नव्हे, खिळे-बिजागऱ्यांचं. घरच्या जुन्या लॅपटॉपला विंडोज पेलेना, म्हणून दिवाळीत भाच्यानं त्यावर उबुंटू नावाचं लिनक्स टाकून दिलं. एक खातं माझं, एक बायकोचं. ती शाळेत शिक्षिका आहे. सगळं छान चाललं होतं. परवा एक व्हिडिओ बघून मी काळ्या खिडकीत कमांड मारली: 'कॅट', पुढे 'स्लॅश ईटीसी स्लॅश पासडब्ल्यूडी'. (इथे देवनागरीत लिहितोय, मारली इंग्रजीतच.) तर ४७ ओळी आल्या! रूट, डीमन, गेम्स, न्यूज, यूयूसीपी, नोबडी... आम्ही दोघं सोडलो तर ओळखीचं एक नाव नाही.

कुणी आत घुसलंय का? त्यात प्रत्येक नावापुढे नुसता 'एक्स' आहे. व्हिडिओवाला म्हणाला ती पासवर्डची जागा. म्हणजे पासवर्डच नाहीत की काय? आणि एक प्रश्न बायकोचा. तिच्या खात्यात सहामाहीच्या प्रश्नपत्रिका असतात, त्या मला उघडता येतात का? (मला काय करायच्यात त्या, पण तिला उत्तर हवंय.)

भाचा परीक्षेत आहे, फोन उचलत नाही.

घाईगर्दी:
४७ युजर म्हणजे नक्की काहीतरी शिरलंय. डेटा पेनड्राइव्हवर घ्या आणि फॉरमॅट मारा.

चहा बिनसाखरेचा:
काका, फॉरमॅट-बिरमॅट काही करू नका! माझ्याही मशीनवर पन्नासच्या आसपास आहेत. ओळीतला तिसरा रकाना बघा, तो युजरचा क्रमांक. रूट म्हणजे सगळे हक्क असलेलं मुख्य खातं, त्याचा ० असतो. उबुंटूत खऱ्या माणसांचे १००० पासून सुरू होतात. त्याखालचे सगळे सिस्टीमचे नोकर. नोबडी तेवढा शेवटी ६५५३४ वर बसलेला असतो, त्याला घाबरू नका.

जुना टर्मिनलवाला:
वरच्या प्रतिसादाला +१. थोडं लांबण लावतो, कारण तुम्ही दुकानदार आहात आणि हे तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर कळेल. तुमच्या खतावणीत 'हमाली', 'दुकानभाडं' अशी खाती असतात ना? ती काय माणसं आहेत? कुठला पैसा कुणाच्या नावावर ते कळावं म्हणून नाव दिलेलं असतं, एवढंच. इथेही तेच. प्रत्येक फाइल आणि चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम कुणाच्या तरी नावावर असावाच लागतो. छपाईचं काम 'एलपी'च्या नावावर, टपालाचं 'मेल'च्या. उद्या छपाईच्या प्रोग्रामात खोट निघाली, तरी नुकसान त्याच्या खात्यापुरतं राहावं, तुमच्या हिशोबाला हात लागू नये, हा हेतू. यांतल्या बहुतेक ओळींच्या शेवटी 'नोलॉगिन' दिसेल. म्हणजे खातं आहे, पण त्या नावानं आत येऊन बसता येत नाही.

ही पद्धत लिनक्सनं युनिक्सकडून घेतली. १९६९ मध्ये बेल लॅब्ज ही संस्था मल्टिक्स नावाच्या, अनेकांनी एकच कॉम्प्युटर वापरायच्या अवाढव्य प्रकल्पातून बाहेर पडली. मग तिथल्या केन टॉम्प्सननं पडीक पीडीपी-७ यंत्रावर स्वतःपुरती छोटी सिस्टीम लिहायला घेतली, डेनिस रिची आणि इतर सोबतीला. मल्टिक्सची चेष्टा म्हणून तिला युनिक्स नाव पडलं. 'अनेकांसाठीची' म्हणून एवढी गाजलेली ही सिस्टीम, पण त्या पीडीपी-७ ला टर्मिनल (बसून टाइप करायच्या जागा) किती होती? दोन. तुमच्या घरासारखंच.

खरी परीक्षा पुढच्या यंत्रावर झाली. नवीन पीडीपी-११ पदरात पडावं म्हणून या मंडळींनी मजकूर लिहिण्या-छापण्याची सोय करून देतो असं सांगितलं होतं. १९७१ च्या उत्तरार्धात पेटंट विभागाच्या तीन टायपिस्ट दिवसभर त्यावर अर्ज टाइप करायच्या आणि त्याच यंत्रावर हे लोक आपले प्रयोग करायचे. स्मृती होती २४ किलोबाइट. आज मोबाइलवरचा एक फोटो त्यात मावणार नाही! शिवाय एकाच्या प्रोग्रामपासून दुसऱ्याची स्मृती वाचवायची सोय त्या यंत्रात नव्हती. नवा प्रोग्राम फसला की सगळ्यांचंच काम बसायचं. फाइलला मालक आणि परवानग्या मात्र तेव्हापासून आहेत. १९७३ मध्ये सिस्टीम सी भाषेत पुन्हा लिहिली गेली आणि त्यामुळे पुढे ती वेगवेगळ्या यंत्रांवर नेता आली. एटी अँड टी ही बेलची मालक कंपनी. सरकारशी झालेल्या १९५६ च्या समझोत्यामुळे तिला कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरता येत नव्हतं, म्हणून युनिक्स विद्यापीठांना नाममात्र पैशात, मूळ कोडसकट मिळालं. वाढलं ते तिथेच. लिनस टॉरवाल्ड्सनं लिहिलेलं लिनक्स १९९१ चं. त्यात युनिक्सचा कोड नाही, रीत मात्र सगळी तीच.

आता तुमच्या यादीतली जुनी भुतं. 'यूयूसीपी' म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून एका युनिक्सकडून दुसऱ्याकडे फाइली पाठवायची सोय. 'न्यूज' यूजनेटचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या जुन्या चर्चाफलकांचं. ते १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून निघालं. आपण आत्ता जे करतोय त्याचं आजोबाच समजा. 'गेम्स' खातं अशासाठी, की खेळातला सर्वाधिक गुणांचा तक्ता कुणी स्वतःच्या हातानं बदलू नये! पाचव्या रकान्यात तुमचं पूर्ण नाव असेल. त्या रकान्याला अजून 'जेकॉस' म्हणतात, कारण बेलमधून छपाईची कामं जीकॉस नावाच्या सिस्टीमवर पाठवायची, तर तिथला खातेक्रमांक या जागी लिहीत. ती यंत्रं कधीच भंगारात गेली, रकाना राहिला.

चहा बिनसाखरेचा:
'एक्स'चं मी सांगते. पूर्वी पासवर्ड सांकेतिक रूपात तिथेच असायचा आणि ती फाइल कुणालाही वाचता यायची. १९७९ मध्ये बेल लॅब्जमधले मॉरिस आणि वर आलेले टॉम्प्सन यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले, तर ८६ टक्के सहज ओळखण्यासारखे निघाले. पुढे यंत्रं वेगवान झाली तसा धोका वाढला, म्हणून ते 'शॅडो' नावाच्या वेगळ्या फाइलीत हलवले. ती सामान्य खात्याला वाचता येत नाही. 'एक्स' म्हणजे 'तिकडे बघा'. खुद्द टॉम्प्सनचा जुना पासवर्ड २०१९ मध्ये फुटला. बुद्धिबळाची चाल निघाली!

मूळ धागाकर्ता:
हमालीच्या खात्यानं डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आभार. बायकोच्या प्रश्नाचं काय? ती शेजारीच उभी आहे.

जुना टर्मिनलवाला:
वहिनींना दोन उत्तरं द्या. साध्या मार्गानं: उबुंटू २१.०४ किंवा पुढचं नव्यानं टाकलेलं असेल, तर एकाचं घर (म्हणजे खात्याचा स्वतःचा फोल्डर) दुसऱ्याला उघडत नाही. त्याआधीच्या उबुंटूत दार उघडंच असायचं. तसं असेल तर वहिनींनी त्यांच्या खात्यातून आपल्या घरावर 'सीएचमॉड ७००' मारावं. सगळा हक्क मालकाला, बाकीच्यांना शून्य.

पण भाच्यानं तुमच्या खात्याला 'सुडो'चा हक्क दिला असणार. तो असला की तुम्ही क्षणभर रूट होता, आणि रूटला कुलूप नसतं. तेव्हा खरं उत्तर: हो, तुम्हाला उघडता येतात. त्यांनी लिब्रेऑफिसमध्ये फाइल ठेवतानाच पासवर्ड लावावा. मग सुडो वापरूनही उघडणार नाही. पण विसरल्या तर त्यांनाही उघडणार नाही, हे आधी सांगा.

घाईगर्दी:
मी मागे घेतो. पण एकट्यानं वापरायचं असेल तर एवढं सगळं कशाला?

चहा बिनसाखरेचा:
तुमचा फोन अँड्रॉइड आहे? त्यात तुम्ही एकटेच आहात, तरी प्रत्येक अ‍ॅपला वेगळा युजर क्रमांक दिलेला असतो, १०००० पासून पुढे. एका अ‍ॅपनं दुसऱ्याच्या फाइली चाळू नयेत म्हणून.

मूळ धागाकर्ता:
मंडळी, तपासलं. १००० च्या पुढे आम्ही दोघंच (आणि तो नोबडी). प्रश्नपत्रिकांना पासवर्ड लागला, कोणता ते मला सांगितलेलं नाही. शेवटची शंका: 'न्यूज' आणि 'गेम्स'च्या ओळी काढून टाकल्या तर चालेल? आम्ही कुणी खेळत नाही.

जुना टर्मिनलवाला:
नका काढू. एक ओळ जागा ती किती खाणार? त्या नावावर एखादी फाइल कुठे पडून असेल, तर ती बिनमालकाची होईल. आणि उद्या भाचा विचारेल, मामा, काय केलंत?