'बताता' म्हणजे बटाटा की रताळं?

अनुवादिका: आर्जेंटिनातल्या घरगुती खाण्यावरचा एक स्पॅनिश मजकूर मराठीत आणतेय. त्यातल्या 'दुल्से दे बताता'ला मी 'रताळ्याची वडी' लिहिलं. संपादकांनी रताळं खोडून बटाटा केला. शेरा, 'शब्द समोर दिसतोय की!' पण तिथे बटाट्याला 'पापा' म्हणतात, बताता म्हणजे रताळंच. त्यांना पटेल असं काय दाखवू? शिवाय 'वडी'ही खटकतेय. गोल डब्यात मिळते, सुरीने कापून चीजबरोबर खातात. जेलीसारखी तुकतुकीत, रवाळ अजिबात नाही.

कोशवाचक: शब्दाचा प्रवास दाखवा. 'बताता' हा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द, अर्थ रताळं. स्पॅनिश लोकांना तो १४९२ नंतर तिथे मिळाला. खरा बटाटा त्यांना पुढे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात भेटला, तिथल्या केचुआ भाषेत त्याचं नाव 'पापा'. स्पेनमध्ये दोन्ही नावं मिसळून बटाट्याचं 'पाताता' झालं. पोर्तुगीजांनी मात्र बटाट्यालाच बताता म्हटलं आणि रताळ्याला 'गोड बताता'. आपण त्यांच्याकडून घेतला. म्हणजे आपला बटाटा मुळात रताळ्याच्या नावाने आला.

वऱ्हाडी: आमच्याकडे बटाटा नाही, आलू. आलूची भाजी, आलूबोंडा. संस्कृतात आलु म्हणजे कंद. देशी शब्द असताना पोर्तुगीज कशाला? रताळंही 'रक्तालु'वरून आलेलं, अस्सल आपलं. ताई, तेच ठेवा.

कोशवाचक: रताळं अमेरिकेतलं, मग संस्कृतातला रक्तालु कुठला? तो कोनफळाच्या जातीचा जुना लाल कंद. नवा कंद आला, त्याला जुन्याचं नाव मिळालं. आलूचंही तसंच.

मडगावची: पोर्तुगीज शब्दांना नावं ठेवू नका. त्यांच्याच जोरावर मी स्पॅनिश शिकले. आपला पगार घ्या. स्पॅनिशमध्येही 'पागार' म्हणजे पैसे देणं. पाव तिथे 'पान'. सगळ्यात आवडती जोडी चावीची. लॅटिन 'क्लाविस'चं जुन्या पोर्तुगीजमध्ये 'चावे' झालं, तेच आपल्याकडे आलं. स्पॅनिशमध्ये तोच शब्द 'याबे'. पाऊस पोर्तुगीजमध्ये 'शूवा', स्पॅनिशमध्ये 'यूबिया'. रडणं 'शोरार', 'योरार'. आणि ब्युनोस आयर्सचे लोक 'य'च्या जागी 'श' म्हणतात, म्हणजे 'शाबे', 'शूबिया'. एकदा ही खूण कळली की शब्द पाठ करावे लागत नाहीत, ओळखू येतात.

वऱ्हाडी: पगाराला 'वेतन' हा चांगला शब्द आहे.

मडगावची: आहे, पण सरकारी कागदावर. घरात 'वेतन झालं का?' कोण विचारतं?

वऱ्हाडी: विचारत नाही, कारण आपण वापरणं सोडलं. वापरलं तर रुळेल.

मेक्सिकोवासी: इथे रताळ्याला बताता म्हणत नाहीत. 'कामोते' म्हणतात, इथल्या मूळच्या नाहुआत्ल भाषेतला शब्द. रात्री कामोतेवाल्याची गाडी वाफेची लांब शिट्टी देत गल्लीतून जाते. भाजलेलं रताळं सोलून वर आटवलेलं गोड दूध ओततो. तेव्हा मजकूर कुठल्या देशाचा ते आधी पाहावं. आणि लिंग सांभाळा: 'ला पापा' म्हणजे बटाटा, 'एल पापा' म्हणजे पोप.

अनुवादिका: आभार, संपादकांना हेच पाठवते. वडीचं काय?

पेठकर: वडी थापतात, ही साच्यातली. 'रताळ्याचा हलवा' म्हणा, कराची हलवा नाही का! पण मला वेगळंच विचारायचंय. पेरू हे फळाचं नाव देशावरून की नाशपतीच्या पोर्तुगीज 'पेरा'वरून?

मडगावची: 'पेरा'वरून. आकार बघा ना!

कोशवाचक: आकारावरून व्युत्पत्ती ठरवू नये. पण स्पॅनिशमध्ये पेरूला 'ग्वायाबा' म्हणतात, एवढं नक्की.

वऱ्हाडी: आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात.

मडगावची: जाम? जाम तर पांढरं, पाणीदार, घंटेसारखं फळ!

वऱ्हाडी: ते तुमच्याकडे. नागपूरला येऊन बाजारात जाम मागा, पेरूच देतील.