मेख विधिमंडळात आहे
आमदार-खासदार सत्ता खाली पंचायती-महापालिकांकडं जाऊच देत नाहीत, असं म्हटलं जातं. संसदेतल्या मतदानात तसं दिसत नाही. 1989 मध्ये पंचायत आणि नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणारी विधेयकं राज्यसभेत दोन-तृतीयांश मतांअभावी पडली हे खरं, पण 1992 मध्ये तोच दर्जा देणारी 73वी-74वी घटनादुरुस्ती सुखरूप पार पडली. मेख पुढं आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीतले, म्हणजे नगरपालिकांच्या कामांच्या यादीतले 18 विषय शहरांकडं किती द्यायचे, हे राज्यांच्या विधिमंडळांवर सोडलं. तिथं पक्षाचा व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, निघाल्यावर आपल्या गावासाठी वेगळं मत देणार कोण?

सोलापूरचंच बघा ना. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले. उजनी धरणाचं पाणी कधी सुटणार हे विचारायला गल्लीत नगरसेवकच उरला नाही. आमदारांचं कार्यालय गाठायचं, नाहीतर महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीच्या पायऱ्या झिजवायच्या, अशी वेळ आली. यात आमदारांचं वजन वाढलंच की! ते कशाला ओरडले असते?