गाडी ऑइल खाते म्हणून इंजिन खोलायचं का?

सायनकर

माझी गाडी २०११ ची, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन. हजार किलोमीटरला साधारण पाऊण लिटर ऑइल खाते. पिकअप शाबूत आहे, आवाज स्वच्छ आहे, धूर क्वचितच दिसतो. वर्कशॉपने इंजिन उतरवून पिस्टन आणि त्यांच्याभोवतीच्या रिंगा बदला असं सांगितलंय. सांगितलेला खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याहून वर जातो.

माझं मत असं की अशा गाडीचं इंजिन खोलू नये. ऑइल घालावं आणि चालवावी.

युरोपीय टर्बो गाड्यांच्या पुस्तिका काढून बघा. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत खप चालेल, असं बऱ्याच कंपन्यांनी स्वतःच छापलंय. मी त्या हद्दीच्या पाव लिटर पुढे आहे, बस. चांगलं सिंथेटिक ऑइल लिटरला आठशे-हजार रुपयांना मिळतं. माझ्या रनिंगला वर्षाकाठी पाच-सहा हजार जादा जातात. याउलट इंजिन खोललं की टायमिंग चेन सुटते, हेडचे बोल्ट एकदाच ताणायचे असतात म्हणून सगळे नवे लागतात, आणि प्रत्येक बोल्ट आधी ठरलेल्या टॉर्कला, मग ठरलेल्या अंशात फिरवावा लागतो. हे काम नीट करणारे हात मुंबईत आहेत, पण मोजके. इतरांकडे चांगलं चालणारं इंजिन सोपवायची माझी तयारी नाही.

ऑइल खाल्ल्याने इंजिन मरत नाही, डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, न बघितल्याने मरतं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा प्रेशर पडल्यावरच लागतो. तोवर टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असतं. टाकी भरताना दर वेळी डिपस्टिक काढायची आणि डिकीत लिटरभर ऑइल ठेवायचं, एवढं पुरे.

पिस्टनवाला

सायनकर, पूर्ण असहमत. तुम्ही फक्त ऑइलच्या डब्याचा खर्च धरलात.

कमी झालेलं ऑइल जातं कुठे? सिलिंडरमध्ये जळतं. त्यातलं फॉस्फरस आणि जस्त कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटच्या, जाळीवर थर धरून बसतं, आणि तो थर धुऊन निघत नाही. नव्या कॅटची किंमत काढा, मग वर्षाच्या पाच-सहा हजारांशी तुलना करा. पिस्टनच्या माथ्यावर कार्बन साचतो. ऑइल मिसळलेल्या मिश्रणाची ऑक्टेन घसरते, म्हणजे ते अवेळी पेटतं, नॉक सेन्सरला ठोका लागतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्कची वेळ मागे ओढतो. पिकअप शाबूत आहे असं तुम्हाला वाटतं, कारण ही घसरण हळूहळू होते, रोजच्या चालवण्यात कळत नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आहे. पंधराशे आरपीएमला वरचा गिअर ठेवून फ्लायओव्हरच्या चढाला ॲक्सिलरेटर दाबला की टर्बोचं प्रेशर भरपूर आणि इंजिनचा वेग कमी. अशा वेळी ऑइलचा एखादा थेंब स्पार्कच्या आधीच पेट घेऊ शकतो. तसा एकच जोरदार स्फोट पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तोडायला पुरतो. मग इंजिन खोलायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही.

आणि धुराचं काय? पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, धूर मोजत नाहीत. म्हणजे सर्टिफिकेट मिळेल, पण तुमच्या मागे थांबलेल्या रिक्षातला माणूस ते ऑइल श्वासातून घेणारच. हिवाळ्यात या शहराची हवा आधीच काय असते ते आपण सगळे बघतो.

गॅरेज_घाटकोपर

दोघेही रिंगांवर येऊन भांडताय. ऑइल रिंगांतूनच जातंय हे कुणी तपासलं?

या वयाच्या टर्बो इंजिनात मी पहिल्यांदा पीसीव्ही बघतो, म्हणजे क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या भागातली) वाफ इनटेककडे, हवा आत घेणाऱ्या वाटेकडे, नेणारा व्हॉल्व्ह. त्यात रबराचा पातळ पडदा असतो. उष्णतेने तो कडक होऊन फाटतो आणि इनटेकचं व्हॅक्यूम थेट क्रँककेसमधून ऑइल ओढायला लागतं. गाडी आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण उचलून बघा. झाकण चिकटल्यासारखं घट्ट बसलंय, हाताला खाली ओढ जाणवते, शिट्टीसारखा बारीक आवाज येतोय, तर पडदा गेलाय. काही हजारांत नवा बसतो आणि इंजिनला हात लागत नाही.

मग धूर बघायचा. पण मालकाने आरशात नाही, मागच्या गाडीतल्या माणसाने. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना निळा लोट येऊन थांबला, तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणारी रबरं, कडक झालेत. सिग्नलला बराच वेळ उभं राहून निघताना आला, तरी बहुधा तेच. खंडाळ्याचा घाट ॲक्सिलरेटर सोडून उतरलात आणि खाली खोपोलीला दाबल्यावर आला, तर सील, गाईड किंवा ऑइल रिंग, कारण उतारावर इनटेकमध्ये जबर व्हॅक्यूम असतं. जोर देऊन चढताना सतत येत असेल तर रिंगा किंवा टर्बो. टर्बोसाठी इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा, खालचा पाइप सोडा. आत ओलसरपणा असतोच, पण ऑइल ओघळून बाहेर आलं तर टर्बोकडे बोट दाखवता येतं.

व्हॉल्व्ह सील हेड न उतरवताही बदलता येतात. प्लगच्या भोकातून हवेचं प्रेशर देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवायचे. काम किचकट आहे, पण इंजिन गाडीतच राहतं.

एक फसगत मात्र नेहमी होते. कंप्रेशन टेस्ट किंवा लीक-डाउन (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो, हवा किती गळते ते बघणाऱ्या तपासण्या) चांगली आली की लोक रिंगा ठीक आहेत म्हणून मोकळे होतात. त्या टेस्टमध्ये वरच्या दोन रिंगा कळतात. तिसरी, ऑइल खरवडणारी रिंग कार्बनने जाम झालेली असली तरी आकडे उत्तम येतात.

डोंबिवली_फास्ट

एवढं कशाला? २०डब्ल्यू-५० टाका, खप निम्मा होईल. जुन्या इंजिनला जाड ऑइल, हे आमच्याकडे पहिल्यापासून चालत आलंय.

पिस्टनवाला

कार्ब्युरेटरच्या इंजिनाला चाललं असेल. या इंजिनात चेन टेन्शनर आणि व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा ऑइलच्या प्रेशरवर चालते, वाटा अरुंद असतात. थंड इंजिनात जाड ऑइल वरपर्यंत पोहोचायला उशीर लावतं. कंपनीने ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० दोन्ही मान्य केले असतील तर ४० घ्या, तिथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे.

गॅरेज_घाटकोपर

यात भर घालतो. मुंबईत डब्ल्यूच्या आधीच्या आकड्यावर, म्हणजे थंडीत ऑइल किती सहज वाहतं त्यावर, फार अडायचं कारण नाही. सांताक्रूझला पारा सर्वात खाली गेला तो २२ जानेवारी १९६२ ला, तेव्हाही ७.४ अंश होता. त्यापेक्षा डेटाशीटवर नोआक नावाचा आकडा शोधा. २५० अंशांवर तासाभरात किती टक्के ऑइल उडून जातं ते त्यात कळतं. ऑइलच्या ए३/बी४ या युरोपीय दर्जाला १३ टक्क्यांची मर्यादा आहे. नऊ-दहा टक्केवालं ऑइल मिळालं तर ट्रॅफिकमध्ये तापणाऱ्या इंजिनात फरक पडतो.

पार्ल्याची

मी इंजिन खोलून घेतलंय आणि त्याच बाजूने बोलणार आहे.

माझीही टर्बो पेट्रोलच, याच वयाची. पीसीव्ही बदलून झाला, ऑइल बदलून झालं, प्लगच्या भोकातून क्लीनर ओतून रात्रभर पिस्टन भिजवणंही झालं. खप थोडा उतरायचा, पुन्हा वर यायचा. शेवटी पिस्टन बाहेर काढले तेव्हा मी गॅरेजात उभी होते. ऑइल रिंगच्या खाचेत बारीक भोकं असतात, खरवडलेलं ऑइल तिथून परत खाली जातं. ती एकूण एक बुजली होती. मिस्त्रीने सुईने टोकरून बघितलं, कार्बन हलेना. रिंग खाचेत इतकी घट्ट की बोटाने फिरतही नव्हती. पण सिलिंडरच्या भिंतींवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात घासून काढलेल्या, तिरप्या रेघा अजून स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे वेळेत खोललं म्हणून बोअर करावं (सिलिंडर आतून कापून मोठं करावं) लागलं नाही, नवे पिस्टन आणि रिंगांवर निभावलं. आणखी काही वर्षं टॉपअप करत बसले असते तर भिंती वाचल्या असत्या याची खात्री कोण देणार?

काम झाल्यावर आयडलवर ट्रॅफिकमध्ये उभं राहू नका, रिंगा बसायला लोड कमी-जास्त व्हायला हवा असं सांगितलं होतं. म्हणून पहाटे एक्सप्रेसवेला नेत होते, थोडं दाबायचं, थोडं सोडायचं. आता सर्व्हिसपर्यंत डिपस्टिक जवळजवळ हलत नाही.

सायनकर, तुमची गाडी पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर आहे. रजिस्ट्रेशन पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवायचं, पर्यावरण कर भरायचा, तर गाडी ठेवायची असं तुम्ही ठरवलंच असणार. मग ती पाच वर्षं कशा इंजिनावर काढायची ते आत्ताच ठरवा.

कुर्लावेस्ट

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला अख्खं जुनं इंजिन मिळतं, रिंगांच्या खर्चात.

पार्ल्याची

ते इंजिन त्याच पिढीचं, त्याच पिस्टनचं. खप किती हे बसवल्यावरच कळणार. शिवाय आरसी बुकातला इंजिन नंबर बदलून घ्यायला आरटीओच्या खेपा आहेतच.

सायनकर

झाकण उचलून बघितलं. शिट्टी नाही, ओढही नाही. पीसीव्ही ठीक दिसतोय, पुढे धूर आणि इंटरकूलरचा पाइप बघणार आहे.

पण खोलायच्या बाजूने बोलणाऱ्या दोघांना एक हिशोब दाखवायचाय. ट्रक आणि जनरेटरच्या इंजिनांत ऑइलचा खप इंधनाच्या टक्क्यांत मोजायची पद्धत आहे. मुंबईसाठी तीच योग्य. सायन सर्कलला अर्धा तास अडकलो तर किलोमीटर शून्य, इंजिन मात्र चालूच. माझी गाडी शहरात लिटरला ८ देते. हजार किलोमीटरला १२५ लिटर पेट्रोल, त्यात पाऊण लिटर ऑइल, म्हणजे ०.६ टक्के. पुस्तिकेतला अर्धा लिटर १२ च्या ॲव्हरेजने काढा. ८३ लिटरला अर्धा लिटर, पुन्हा ०.६ टक्केच. इंजिनाने केलेलं काम धरलं तर मी हद्दीतच आहे.

गॅरेज_घाटकोपर

हिशोब बरोबर आहे. फक्त मोजणी शहरातल्या डिपस्टिकवर करू नका. छोट्या फेऱ्यांत न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी फुगवून दाखवतं. पुण्याला जाऊन आलात की ते उडून जातं आणि लोक म्हणतात, हायवेवर गाडीने अर्धा लिटर ऑइल खाल्लं. लांबच्या फेरीनंतर, सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून बघा. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर घेतलेलं माप धरू नका.

पिस्टनवाला

पुस्तिकेतली हद्द वॉरंटीच्या तक्रारी कुठे थांबवायच्या यासाठी असते, इंजिन निरोगी असल्याची ती खूण नव्हे. धडधाकट इंजिन दहा हजार किलोमीटर टॉपअप न मागता जातं. बरं, तुमच्याच मापाने बोलू. किती टक्क्यांना खोलाल?

सायनकर

एक टक्का. किंवा चढावर सतत धूर दिसला तर त्याआधीही. तोवर ए३/बी४ दर्जाचं ५डब्ल्यू-४०, कमी नोआकचं, आणि सर्व्हिस दहाऐवजी सहा-सात हजारांवर, म्हणजे खाचेतली भोकं आणखी बुजायला नकोत.

पिस्टनवाला

सर्व्हिसचं पटलं. एक टक्क्याचं नाही. तिथपर्यंत थांबलात तर रिंगांबरोबर कॅटही बदलावा लागेल, म्हणून आत्ताच प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंती बघून घ्या. पार्ल्याची म्हणतात तशा तिरप्या रेघा शिल्लक असतील तर याच वर्षी खोला.