मेणवलीसारख्या गावांतले जुने वाडे सरकारने ताब्यात घ्यावेत का?

कृष्णाकाठ: वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवली आहे. एवढ्याशा गावात नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा, मागे नदीत उतरणारा दगडी घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि 1739 च्या वसई मोहिमेनंतर आणलेली, मेरी आणि बाळ येशूची आकृती असलेली घंटा. नानांचं मेणवली दफ्तर, म्हणजे त्यांची जुनी कागदपत्रं, आज पुण्यात डेक्कन कॉलेजात आहे. संस्थेच्या हाती गेलं म्हणून ते वाचलं. वाडा मात्र खासगी मालकीचा. सागवानी खांब, भिंतीवरची चित्रं हे सगळं एका घराण्याने पदरमोड करून किती पिढ्या सांभाळायचं? माझ्या मते असे वाडे राज्य पुरातत्त्व विभागाकडे जायला हवेत.

माडीवरून: अजिबात पटलं नाही. कागद कपाटात टिकतात, वाडा वावर असेल तरच टिकतो. आमच्या वाड्यात कौल फुटलं तर संध्याकाळच्या आत बदललं जातं. सरकारी कुलपामागे ते कोण बघणार? पावसाळाभर गळती, मग वाळवी. शिवाय आजूबाजूला 100 मीटर बांधकामबंदी. गावठाणात शेजाऱ्याने एक खोलीही वाढवायची नाही?

कृष्णाकाठ: 100 मीटरची ती अट केंद्राच्या यादीतल्या स्मारकांसाठी आहे, 2010 च्या कायदादुरुस्तीत पक्की झालेली. राज्याचा कायदा वेगळा, 1960 चा. आणि कौलाचं ठीक आहे हो, पण तुळई खचली की? भावकीत एक सही अडली म्हणून पडलेले वाडे गावोगाव दिसतात.

चुनेगच्ची: तुम्ही दोघं मालकीवर भांडताय. मला त्याआधी दुरुस्तीची काळजी वाटते. मालक असो, देवस्थान असो की सरकारी ठेकेदार, सगळे सिमेंटची गोणीच आणतात. जुनी भिंत ओल पिते आणि चुन्याच्या सांध्यांतून बाहेर सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, विटांना लोणा म्हणजे खार लागतो, पोपडे सुटतात. मग लोक म्हणतात, जुनं बांधकामच कच्चं होतं! देवळांचं तर बघवत नाही. जीर्णोद्धार म्हणून कोरीव खांबांवर ऑइलपेंट, गाभाऱ्यात टाइल्स.

माडीवरून: चुन्याचं अगदी खरं. पण चुना विझवून मुरवणारा, घाण्यात मळणारा गवंडी आमच्याकडे मिळत नाही, बाहेरून आणायचा तर मजुरी झेपत नाही. सरकारने तो कारागीर द्यावा, निम्मा खर्च उचलावा. ताबा कशाला?

कृष्णाकाठ: सार्वजनिक पैसा घेतला तर लोकांना वाडा बघायला मिळाला पाहिजे, आणि तो पाडणार नाही असं लेखी हवं. एवढं बंधन मान्य आहे का?

माडीवरून: दर्शनी चौक दाखवू, पाडणार नाही असंही लिहून देऊ. पण माजघर आणि देवघर आमचंच राहणार. घराच्या उताऱ्यावरचं नाव तर मुळीच बदलू देणार नाही.