प्रतिसाद: रेडिओने छापील मजकूर संपवला का?

अमेरिकेतील स्थलांतरितांची कॅथलिक वृत्तपत्रे रेडिओमुळे बंद पडली, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे धर्मगुरू जस्टिन फिगास यांनी अमेरिकेतील बफेलो शहरातून १९३१ साली पोलिश भाषेत सुरू केलेल्या ‘रोझरी अवर’ या रेडिओ कार्यक्रमात प्रवचनानंतर श्रोत्यांच्या पत्रांतील प्रश्नांना उत्तरे दिली जात, आणि तीच प्रवचने पुढे छापून श्रोत्यांपर्यंत पोहोचवली जात. म्हणजे इथे रेडिओनेच छपाईला काम पुरवले. घरी पोलिश बोलणाऱ्या, पण इंग्रजी वाचताना अडखळणाऱ्या कामगार कुटुंबांना हा दुहेरी आधार किती मोलाचा वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको.

वृत्तपत्रांची खरी अडचण भाषेची होती, असे मला वाटते. मिनेसोटातील सेंट पॉल येथे १८६७ पासून जर्मन स्थलांतरितांसाठी निघणाऱ्या ‘डेर वांडरर’ या कॅथलिक वृत्तपत्राने १९३१ मध्येच इंग्रजी आवृत्ती काढली, कारण जर्मन वाचणारी पिढी म्हातारी होत चालली होती आणि नातवंडांना ती भाषा फार तर कानाला ओळखीची उरली होती. (दोन्ही घटना एकाच वर्षातल्या, हा निव्वळ योगायोग.) जर्मन आवृत्तीही त्यानंतर काही दशके चालली, त्यामुळे रेडिओ आला आणि छापखान्याला कुलूप लागले, इतका सरळ हिशेब मांडता येत नाही.